वीजपुरवठ्याचे नियंत्रण आणि बॅटरीवरील देखरेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती इन्व्हर्टर, राउटरसाठी बनवलेला छोटा यूपीएस, सौर पॅनेलवर चालणारा दिवा किंवा स्वतः बांधलेला लिथियम पॅक यांवर काम करणारे विद्यार्थी, दुरुस्ती करणारे कारागीर आणि हौशी मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ओहमचा नियम आणि मल्टीमीटरचा वापर वाचकाला ठाऊक आहे, असे गृहीत धरले आहे. येथील सर्व उदाहरणे ६० व्होल्टपेक्षा कमी डीसीवरची आहेत. २३० व्होल्टची बाजू उघडण्याचे काम ज्याला त्याचा अनुभव आहे त्यानेच करावे.

बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट करण्यासाठी ७८०५ लावला, पण तो हात लावता येणार नाही इतका तापतो. तो खराब आहे का?

बहुधा नाही. ७८०५ हा रेषीय रेग्युलेटर आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या व्होल्टेजमधील फरक तो स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. १२ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर आणि १ अँपिअर प्रवाह असेल, तर ७ × १ म्हणजे ७ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यात निर्माण होते, आणि उपकरणाला मिळतात फक्त ५ वॅट. नेहमीच्या टीओ-२२० आकाराच्या भागाला हीट सिंक नसेल, तर दर वॅटमागे आतील चिपचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे ६५ अंशांनी वाढते. त्यामुळे १ वॅटच्या पुढे हीट सिंकशिवाय जाऊ नये, हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फार तापल्यावर ७८०५ आतील संरक्षणामुळे स्वतःच बंद होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होतो. ‘सर्किट मधेच बंद पडते आणि पंख्याखाली ठेवले की चालते’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय येथेच घ्यावा.

याच्या उलट अडचणही येते. ७८०५ ला आपल्या आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट अधिक इनपुट लागतो. लिथियमचे दोन सेल मालिकेत जोडून त्यावर ७८०५ चालवला, तर पॅक ७ व्होल्टच्या खाली उतरताच पाच व्होल्टही ढासळू लागतात, आणि त्या वेळी सेलमध्ये बराच चार्ज शिल्लक असतो. अशा ठिकाणी कमी फरकावर चालणारा, म्हणजे एलडीओ प्रकारचा रेग्युलेटर घ्यावा.

एवढ्यावरून रेषीय रेग्युलेटर कालबाह्य झाला असे कोणी समजू नये. सेन्सर, ध्वनिवर्धकाचा पहिला टप्पा, मोजमापाचे संदर्भ व्होल्टेज अशा ठिकाणी प्रवाह कमी असतो आणि पुरवठा स्वच्छ लागतो, तेथे तोच योग्य आहे. रॉबर्ट डॉबकिन यांनी नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना रचलेला एलएम३१७ हा १९७० च्या दशकातील भाग आजही दुकानात सहज मिळतो. त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राहतात. २४० ओहम आणि ७२० ओहम असे दोन रोध जोडले की १.२५ × (१ + ७२० ÷ २४०) म्हणजे नेमके ५ व्होल्ट मिळतात.

मग स्विचिंग रेग्युलेटर कमी का तापतो?

कारण तो जास्तीचे व्होल्टेज जाळत नाही. त्यातील स्विच सेकंदाला हजारो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतो. पूर्ण चालू असताना स्विचवर व्होल्टेज जवळपास नसते, पूर्ण बंद असताना त्यातून प्रवाह जात नाही, आणि म्हणून दोन्ही अवस्थांमध्ये उष्णता थोडी होते. मधली ऊर्जा कॉइलमध्ये साठते व कपॅसिटरमधून सपाट होऊन बाहेर पडते. १२ चे ५ करायचे असतील, तर स्विच साधारण ४२ टक्के वेळ चालू राहतो. बाजारात सर्वत्र दिसणारा एलएम२५९६ हा १५० किलोहर्ट्झवर चालतो, आणि याच कामात त्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के असते. म्हणजे ५ वॅट देताना साधारण सव्वा वॅट वाया जातो. वर ७ वॅट वाया जात होते.

आउटपुट स्थिर ठेवण्याचे काम फीडबॅक करतो. आउटपुटचा ठरावीक हिस्सा दोन रोधांनी कमी करून संदर्भ व्होल्टेजशी ताडला जातो, आणि फरक पडला की स्विचचा चालू काळ बदलतो. मोबाइलच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये हीच तुलना बहुधा टीएल४३१ हा छोटा भाग करतो. त्याचा संदर्भ साधारण २.५ व्होल्टचा असतो, आणि त्याचा निरोप ऑप्टोकपलरमधून प्रकाशाच्या रूपाने मेन्सच्या बाजूला पोहोचतो, म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये तांब्याचा दुवा राहत नाही. या फीडबॅकच्या वाटेवरचा एक रोध जरी सुटला, तरी आउटपुट एकदम वर जाऊ शकते. म्हणून दुरुस्त केलेला पुरवठा उपकरणाला लावण्यापूर्वी जुन्या बल्बवर किंवा रोधावर चालवून पाहावा.

स्विचिंग पुरवठ्यात सर्वांत आधी थकणारा भाग इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो. तापमान १० अंशांनी कमी ठेवले, तर त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. माथा फुगलेला कपॅसिटर पाहताच ओळखता येतो, पण न फुगता आतून रोध वाढलेला कपॅसिटर साध्या मीटरवर चांगला दिसतो आणि फसवतो. शंका आली, तर बदलून पाहणेच स्वस्त पडते.

वीज गेली की राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्यावर उपाय काय?

अ‍ॅडॅप्टरवरून बॅटरीवर येताना जी पोकळी पडते, ती भरून काढावी लागते. राउटर १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेत असेल, रिले पालटण्यास १० मिलिसेकंद लागत असतील आणि व्होल्टेज १ व्होल्टने घसरलेले चालत असेल, तर ०.५ × ०.०१ ÷ १ म्हणजे ५,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. तरीही रिलेपेक्षा दोन शॉटकी डायोडांची जोडणी मला अधिक पसंत आहे. अ‍ॅडॅप्टर आणि बॅटरी या दोन्हींचे धन टोक आपापल्या डायोडमधून लोडकडे आणायचे, म्हणजे ज्याचे व्होल्टेज अधिक तो पुरवठा करतो आणि पालटण्याचा क्षणच उरत नाही. अट एवढीच, की अ‍ॅडॅप्टरचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा थोडे वर असले पाहिजे. लिथियमचे तीन सेल पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट होतात आणि राउटरचा अ‍ॅडॅप्टर १२ चा असतो, हे विसरल्यामुळे वीज असतानाही बॅटरीच रिकामी होत राहिलेली अनेक सर्किटे पाहण्यात आली आहेत.

केवळ व्होल्टेज पाहून बॅटरी किती भरली आहे हे सांगता येते का?

काही अटींवर सांगता येते, आणि त्या अटी सहसा पाळल्या जात नाहीत. बॅटरीवरील देखरेखीत होणाऱ्या बहुतेक चुका या एका प्रश्नाभोवती फिरतात.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे उदाहरण घेऊ. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. चार्जिंग बंद करून आणि लोड काढून काही तास स्वस्थ ठेवल्यावर ती पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, आणि निम्मी असेल तर १२.२ च्या आसपास. म्हणजे निम्मी बॅटरी संपली, तरी मीटरवर फरक पडतो जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. चार्जर नुकताच काढला असेल, तर प्लेटच्या पृष्ठभागावरील चार्जमुळे तीच बॅटरी १३ व्होल्ट दाखवील. मिक्सर चालू असताना मोजले, तर ११.५ दाखवील. यातील कोणताही आकडा मीटरची चूक नसतो, परंतु त्यातील एकही आकडा शिल्लक सांगत नाही.

आणखी एक बारकावा दुकानात क्वचितच सांगितला जातो. स्वस्थ असलेल्या लेड-अ‍ॅसिड सेलचे व्होल्टेज हे आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात साधारण ०.८४ मिळवल्यावर येणाऱ्या आकड्याएवढे असते. मोटारीच्या बॅटरीत पूर्ण भरलेल्या अवस्थेत हे गुरुत्व सुमारे १.२६५ असते, म्हणून बारा व्होल्टच्या संचाला १२.६ च्या पुढचा आकडा मिळतो. इन्व्हर्टरच्या अनेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांत मात्र ते मुद्दाम सुमारे १.२४० ठेवतात, त्यामुळे ती बॅटरी पूर्ण भरली तरी १२.५ च्या आसपासच थांबते. मोटारीचा तक्ता हातात धरून इन्व्हर्टरची बॅटरी तपासली, तर चांगली बॅटरी ‘चार्ज धरत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि गिऱ्हाईक विनाकारण नवी बॅटरी घेऊन जाते. झाकण उघडता येत असेल, तर आम्लाचे गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर व्होल्टमीटरपेक्षा खरे बोलतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट सेलच्या बाबतीत परिस्थिती अधिक कठीण आहे. हा सेल साधारण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत ३.२ ते ३.३ व्होल्टच्या अरुंद पट्ट्यात राहतो. मोजमापात २० मिलिव्होल्टची चूक झाली, तरी टक्केवारीचा अंदाज कितीतरी घसरतो. मोबाइल किंवा लॅपटॉपमधील नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा आलेख ४.२ पासून ३ व्होल्टपर्यंत बऱ्यापैकी उतरता असल्यामुळे तेथे व्होल्टेजवरून काढलेला अंदाज तुलनेने बरा ठरतो. ई-बाइकच्या जुन्या पॅकवर बरा चाललेला चार दिव्यांचा दर्शक नव्या फॉस्फेट पॅकवर निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण हेच.

मग शिल्लक चार्ज मोजायचा कसा?

आत किती गेले आणि बाहेर किती आले, याची वही ठेवून. बॅटरीच्या वाटेत शंट, म्हणजे अगदी कमी ओहमचा एक रोध, बसवतात, त्यावर पडणारे व्होल्टेज सतत मोजतात आणि प्रवाह गुणिले वेळ अशी बेरीज-वजाबाकी करतात. याला कूलोम मोजणी म्हणतात. १ मिलिओहमच्या शंटमधून १० अँपिअर गेले, तर त्यावर १० मिलिव्होल्ट मिळतात. इतका लहान संकेत वाचण्यासाठी आयएनए२१९ सारखी चिप वापरतात. तिच्या बाजारात मिळणाऱ्या पट्टीवर (छोट्या सर्किट बोर्डावर) ०.१ ओहमचा शंट असतो आणि त्यामुळे ती ३.२ अँपिअरपर्यंतच मोजते. राउटरच्या यूपीएसला ती पुरेशी आहे, पण इन्व्हर्टरला अजिबात नाही. मोठ्या प्रवाहासाठी ७५ मिलिव्होल्टचे पितळी ठोकळ्यांचे शंट मिळतात, आणि ते बाहेरून जोडता येतात.

ही पद्धत चांगली आहे, पण एका दुखण्यापासून तिची सुटका नाही. मोजमापात २० मिलिअँपिअरची कायमची चूक असेल, तर दिवसाला ०.४८ अँपिअर-तास आणि महिन्याला १४ अँपिअर-तासांहून अधिक रक्कम वहीत खोटी जमा होते. म्हणून प्रत्येक चांगला मापक अधूनमधून वही नव्याने मांडतो. चार्जिंग व्होल्टेज वरच्या टोकाला पोहोचले आहे आणि प्रवाह ठरावीक मर्यादेच्या खाली आला आहे, असे दिसले की तो १०० टक्के गृहीत धरतो. ज्या सौर दिव्याची बॅटरी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे पूर्ण भरत नाही, तेथे हा क्षण येतच नाही, आणि मापकाची टक्केवारी हळूहळू काल्पनिक होत जाते. महागड्या यंत्रणांमध्ये व्होल्टेजवरून काढलेला अंदाज आणि कूलोम मोजणी यांची सांगड रुडॉल्फ कालमन यांच्या १९६० मधील गाळणीच्या गणिताने घालतात. दोघांपैकी ज्या क्षणी ज्याच्यावर अधिक भरवसा ठेवता येईल, त्याला तेवढे वजन द्यायचे, अशी ती कल्पना आहे.

१५० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाइतका वेळ का चालत नाही?

लेबलवरील १५० हा आकडा बहुतेक वेळा २० तासांच्या दराने दिलेला असतो, म्हणजे ७.५ अँपिअरचा प्रवाह २० तास. इन्व्हर्टरवर ४०० वॅटचा लोड असेल आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे ३९ अँपिअर निघतात. सरळ भागाकार केला तर ३ तास ५० मिनिटे येतात. परंतु लेड-अ‍ॅसिड बॅटरी जितक्या घाईने रिकामी करावी, तितकी ती कमी देते. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. त्याचा घातांक १.२ धरून हिशेब केला, तर वेळ साधारण पावणेतीन तासांवर येते, आणि ही नव्या बॅटरीची गोष्ट झाली. सौर कामासाठी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांवर १० तासांचा दर लिहिलेला असतो, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना सी२० आणि सी१० हे शब्द आधी वाचावेत आणि किंमत नंतर.

शंट जोडला, पण प्रवाह तिप्पट दिसतो. गणित तर बरोबर आहे.

हे माझ्याच हातून घडलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १ मिलिओहमचा शंट पट्टीवर बसवला होता, परंतु मोजमापाच्या दोन बारीक वाटा शंटच्या पायांपासून न घेता सोयीच्या जागेवरून, काही सेंटिमीटर पलीकडून घेतल्या होत्या. नेहमीच्या पट्टीवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो, आणि ५ मिलिमीटर रुंद व २० मिलिमीटर लांब अशा पट्ट्याचा रोध सुमारे २ मिलिओहम होतो. म्हणजे शंट १ चा आणि वाटेतील तांबे २ चे. सॉफ्टवेअरमध्ये ३ ने भागून चूक ‘दुरुस्त’ केली आणि दुपारी पुन्हा आकडे बदलले, कारण तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. शंटसाठी वापरलेल्या मिश्रधातूचा असा वाढत नाही.

उपाय असा, की मोजमापाच्या दोन्ही तारा शंटच्या अगदी आतल्या कडेपासून स्वतंत्र निघाल्या पाहिजेत आणि मुख्य प्रवाहाचा अंश त्यांच्यातून वाहता कामा नये. याला केल्विन जोडणी म्हणतात. शंट ऋण बाजूला बसवणे सोपे असते, पण मग लोडची जमीन (शून्य व्होल्टची बाजू) आणि बॅटरीची जमीन या दोन वेगळ्या जागा होतात. अशा वेळी यूएसबी केबलने लॅपटॉप जोडला की प्रवाह शंटला वळसा घालून केबलमधून जाऊ शकतो. शक्य तेथे धन बाजूला शंट आणि त्यासाठी बनवलेली चिप हीच जोडी निवडावी.

मायक्रोकंट्रोलरवर बॅटरीचे व्होल्टेज मोजतो, पण आकडा सारखा नाचतो आणि कधीकधी सरळ खोटा असतो.

नाचणे आणि खोटे असणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. नाचणे कमी करण्यासाठी व्होल्टेज कमी करणाऱ्या दोन रोधांच्या विभाजकाच्या मधल्या टोकापासून जमिनीपर्यंत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि १६ किंवा ३२ वाचनांची सरासरी घ्यावी.

खोटेपणाचे कारण बहुधा संदर्भात असते. आर्डुइनो उनोसारख्या बोर्डावर १० बिटांचे मोजमाप स्वतःच्या पाच व्होल्ट पुरवठ्याशी तुलना करून होते. तो पुरवठा ५ ऐवजी ४.७५ असेल, तर १२.० व्होल्टची बॅटरी १२.६३ दाखवते, म्हणजे निम्म्याहून अधिक उतरलेली बॅटरी पूर्ण भरलेली दिसते. त्याऐवजी चिपमधील १.१ व्होल्टचा संदर्भ वापरावा. तो प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, पण स्थिर असतो, म्हणून चांगल्या मीटरशी एकदा जुळवून घेतला की काम भागते. १०० किलोओहम आणि ६.८ किलोओहम असा विभाजक घेतला, तर १६ व्होल्टला मधल्या टोकावर साधारण १.०२ व्होल्ट येतात आणि विभाजक स्वतः ०.१५ मिलिअँपिअरच खातो.

कमी व्होल्टेजला लोड तोडणारे सर्किट बनवले, पण तोडण्याच्या वेळी रिले टकटक करत राहते.

लोड तुटताच बॅटरीचे व्होल्टेज वर उसळते, सर्किटला वाटते बॅटरी सुधारली, ते लोड जोडते, व्होल्टेज पुन्हा पडते. तोडण्याची आणि जोडण्याची पातळी वेगळी ठेवणे, हा त्यावरचा उपाय. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिडसाठी ११ वर तोडावे आणि १२.५ च्या वर गेल्याशिवाय, म्हणजे चार्जर जोडला गेल्याशिवाय, पुन्हा जोडू नये. एलएम३९३ या तुलनाकाराच्या आउटपुटपासून धन इनपुटकडे एक मोठा रोध परत आणला की हे अंतर मिळते. त्याच्या जोडीला काही सेकंदांची उसंत ठेवावी, नाहीतर पंपाची मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटकाही सर्किट तोडून टाकतो.

पॅकमध्ये बीएमएस (सेलवर देखरेख आणि संरक्षण करणारी यंत्रणा) आहे. मग चार्जर कोणताही लावला तर चालेल ना?

चालणार नाही, आणि हा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे. चार्जरचे काम सेलला योग्य प्रवाह देणे आणि योग्य व्होल्टेजला थांबणे हे आहे. बीएमएसमधील संरक्षणाचे काम चार्जर चुकला तर वाट तोडणे हे आहे. रोजच्या चार्जिंगमध्ये संरक्षणाची पाळी येता कामा नये.

एका सेलसाठी मिळणारी लहान निळी पट्टी पाहिली की हे स्पष्ट होते. तिच्यावरील टीपी४०५६ हा चार्जर ४.२ व्होल्टला थांबतो. १.२ किलोओहमचा रोध असेल, तर तो १ अँपिअर देतो आणि प्रवाह त्याच्या दहाव्या हिश्शावर आला की चार्जिंग संपवतो. त्याच पट्टीवरील डीडब्ल्यू०१ ही संरक्षक चिप मात्र ४.२५ ते ४.३ व्होल्टच्या दरम्यान आणि खाली २.४ च्या आसपास वाट तोडते. ४.३ आणि २.४ या मर्यादा अपघात टाळण्यासाठी आहेत. सेल रोज तेथपर्यंत नेला, तर तो फार दिवस टिकणार नाही. त्याच कारणाने मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये तोडण्याची पातळी ३ ते ३.२ व्होल्टला ठेवावी आणि डीडब्ल्यू०१ ला हात लावू नये. प्रोग्रॅम अडकू शकतो, बॅटरी त्याची वाट पाहत थांबत नाही. ‘सॉफ्टवेअर सगळे सांभाळते’ म्हणून संरक्षणाची पट्टी काढून टाकलेला पॅक दुरुस्तीला आला, तर आधी ती पट्टी बसवावी आणि मगच पुढचे बोलावे.

सेलचे बॅलन्सिंग करणारा, म्हणजे सर्व सेल एका पातळीवर आणणारा, बीएमएस आहे, तरी सेल असमान का राहतात?

बहुतेक स्वस्त बीएमएस वर गेलेल्या सेलला रोधामधून थोडे रिकामे करतात. हा प्रवाह अनेकदा १०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. १०० अँपिअर-तासांच्या दोन सेलमध्ये ५ टक्क्यांचा, म्हणजे ५ अँपिअर-तासांचा फरक असेल, तर तो भरून काढण्यास ५० तास लागतील, आणि तेही सेल वरच्या टोकाला असतानाच. चार्जर पूर्ण होताच लगेच काढला जात असेल, तर बॅलन्सिंगला रोज काही मिनिटेच मिळतात. म्हणून नवा पॅक बांधण्यापूर्वी सर्व सेल समांतर जोडून एका पातळीवर आणावेत. बॅलन्सिंग लहान फरक धरून ठेवते. एखादा सेल दर आठवड्याला पुन्हा मागे पडत असेल, तर त्याची क्षमता घटली आहे किंवा तो आतून गळतो आहे, आणि तो बदलण्याखेरीज उपाय नाही.

तापमानाचा सेन्सर खरोखर आवश्यक आहे का?

आवश्यक आहे. लिथियमच्या नेहमीच्या सेलला शून्य अंशाखाली चार्ज केले, तर धातुरूप लिथियम ऋण विद्युताग्रावर साचते आणि पुढे आतून शॉर्ट होण्याचा धोका निर्माण होतो. महाराष्ट्रात ही वेळ सहसा येत नाही, पण लडाखच्या सहलीला नेलेल्या पॅकवर येते. आपल्याकडचा खरा शत्रू उन्हाळा आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे चार्जिंग व्होल्टेज दर सेलमागे, दर अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्टने कमी करावे लागते. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूरच्या बंद खोलीत बॅटरी ४५ अंशांवर असेल, तर २५ अंशांसाठी ठरवलेले १४.४ व्होल्ट सुमारे १३.९ वर आणले पाहिजेत. तसे न केल्यास बॅटरी उकळते आणि वारंवार पाणी मागते. १० किलोओहमचा एनटीसी (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) बॅटरीच्या अंगाला चिकटवावा. सर्किटच्या पेटीत ठेवलेला एनटीसी पेटीचे तापमान सांगतो.

विद्युत दुचाकींच्या बॅटरीसाठी भारतात वेगळे नियम आहेत का?

आहेत. २०२२ मध्ये विद्युत दुचाकींना आगी लागल्याच्या घटनांनंतर एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ ही मानके कडक करण्यात आली. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. त्यांपैकी एआयएस-१५६ हे दुचाकी-तिचाकी वर्गासाठी आहे. ही मानके पुण्यातील ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था प्रसिद्ध करते. घरी बांधलेला पॅक गाडीत बसवला, तर त्याची अशी कोणतीही चाचणी झालेली नसते, हे लक्षात घ्यावे.

फ्यूज कुठे आणि कोणता?

बॅटरीच्या धन टोकापासून जितका जवळ बसवता येईल तितका, आणि डीसीसाठी बनवलेलाच. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उठलेली ठिणगी आपोआप विझण्यास मदत होते. डीसीला हा क्षण मिळत नाही. घरातील एसीचा एमसीबी बॅटरीच्या वाटेत लावू नये.

लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधील १८६५० सेल पुन्हा वापरता येतील का?

१८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे हे सेल पुष्कळदा चांगले निघतात, कारण पॅकमधील एखादाच सेल निकामी झालेला असतो. तरी ज्याचे व्होल्टेज २ च्या खाली गेले आहे तो सेल बाजूला काढावा. इतक्या खाली सेलमधील तांब्याचा पापुद्रा विरघळू लागतो, आणि चार्ज करताना तेच तांबे नको तेथे जमते. उरलेले सेल ४.२ पर्यंत भरून दोन आठवडे स्वस्थ ठेवावेत आणि ज्याचे व्होल्टेज इतरांपेक्षा ठळक घटले असेल, तो वगळावा. त्यानंतर ठरावीक प्रवाहाने ३ व्होल्टपर्यंत रिकामे करून प्रत्येकाची क्षमता मोजावी आणि सेलवर लिहून ठेवावी. सेलला थेट सोल्डरचा डाग देऊ नये. उष्णतेने आतील पडदा आणि सील बिघडतात, म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडून घ्यावी. काढून टाकलेले सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावेत. घरच्या कचऱ्यात टाकलेला अर्धवट भरलेला सेल कचरागाडीच्या दाबाखाली सापडला की पेट घेऊ शकतो.